चार नंबर

खडकीच्या आरोग्यस्वामींचा मुलगा घेऊन आला
वडिलांची हॉकीची जर्सी, सन एकोणसाठ.
"नवी दिसू दे. काचेत लावायचीय."

रविवार पेठेतल्या माझ्या दिव्याखाली धरली.
कॉलर कसरीनं खाल्लेली, ती भरेन
आतल्या शिवणीचाच धागा उपसून.
रिठ्याच्या पाण्याचा बोळा फिरवला:
कोपरावरचा मैदानाचा तांबूस डाग
जरा हलला,
मग हटून बसला.

पाठीवरच्या चाराखाली मात्र
सहा टाके, पांढऱ्यावर काळा दोरा,
दातानं तोडलेला.
अंगावरचं शिवू नये म्हणतात.
इथे शिवलंय, मध्यंतरात, घाईनं;
सुई लागली त्या जागी
मोहरीएवढा तपकिरी ठिपका.

"हे उसवा आधी."
"उसवतो. टाके डावखुऱ्या हाताचे आहेत."

तो पंख्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "आई...
नुसत्या कॉलरचे किती होतील?"