तीन वाजून दहा

आंतोफागास्ता. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी
मला मिळालेला तारा इतका फिका
की त्याला नाव नाही, नुसता आकडा.

सव्वीस रात्री विद्यापीठाच्या गच्चीवर
मी त्याचा उजेड मोजला.
रोज तीन वाजून दहा मिनिटांनी
आलेख जरासा खचायचा, पुन्हा सावरायचा.
मी मनातल्या मनात ग्रहाचं बारसंही उरकलं.
प्राध्यापक ओर्तुसार चष्मा पुसत म्हणाले,
"यारित्सा, ताऱ्याच्या घरी
भिंतीवर घड्याळ नसतं."

शुक्रवारी गच्ची सगळ्यांना खुली.
शनीसाठी रांग, दुर्बिणीला टेकणारी शाळकरी नाकं,
तांब्याच्या खाणीतून थेट आलेले दोघे,
बुटांवर धूळ तशीच.
सगळ्यात शेवटी समोरचे बेकरीवाले, दोन एवारिस्तो.
शनी त्यांनी घाईत उरकला,
माझ्या आलेखापाशी मात्र रेंगाळले.

"तीन दहा?
तेव्हा मी मागच्या अंगणातला दिवा लावतो, पोरी.
पिठाची पोती तिथे असतात.
दहा मिनिटं, मग बंद. वीज काय फुकट येते?"

माझा ग्रह
पोत्यांमागे गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापून
दिव्यावर टोपीसारखा बसवला.
उजेड आता जमिनीपुरता.

त्या रात्री तीन दहा आले, गेले.
रेघ सरळ. काहीच घडलं नाही,
आणि ते मी वहीत
वेळेसकट लिहून ठेवलं.

चारच्या सुमारास गरम पावाचा वास
जिना चढून वर आला.
तो मोजायचं यंत्र
आमच्या विभागात नाही.