मे महिन्यापुरता रस्ता

सूत महागलं, माग आठ दिवस बंद राहिले,
आणि घरात अशी शांतता झाली
की लच्चूला झोपच येईना.
अंबादास पत्र्याकडं बघत म्हणाला,
शेठची ओम्नी रिकामीच उभी आहे.
मग तेलुगूत म्हणाला, पदा, पोदाम.
चल, जाऊ या.
कुठं, ते कुठल्याच भाषेत सांगितलं नाही.

मी बावीस वर्षं टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर पत्ते लिहितेय.
कटक. जोधपूर. सिलिगुडी,
त्यातली लि ऱ्हस्व की दीर्घ, कोण जाणे.
माझं अक्षर देशभर हिंडून आलंय.
मी एकदाच हैदराबादला, मामाच्या तेराव्याला,
रात्रीच्या गाडीनं. म्हणजे अंधारच बघितला.

पहाटे चारला विडी घरकुलातून निघालो.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वीस लिटरचा कॅन,
आणि सेकंड मालातले सहा टॉवेल
ओले करून खिडक्यांना बांधलेले.
मोहोळला ते वाळले. भिजवले.
शेटफळला पुन्हा वाळले.
आपण काय टॉवेल वाळवायला निघालोय का ओ, मी म्हटलं.
अंबादास हसला.
संक्रांतीनंतर पहिल्यांदा.

उजाडलं तेव्हा दोन्हीकडं काळी रानं,
भेगा अशा की लच्चूची चप्पल आत जाईल,
आणि बांधावर एक कडुलिंब हिरवागार,
जणू त्याला उन्हाचं कुणी कळवलंच नाही.
पाटी आली की मी मोठ्यानं वाचायची.
वाचून झालं की हात आपोआप
पिनकोड शोधायचा.

भीमानगरचा पूल गेला, मग उजवीकडं वळलो.
धरणाचं पाणी कुठल्या कुठं सरलेलं.
जाळं शिवत बसलेला सोपान नगरे म्हणाला,
खाली जुना रस्ता आहे की.
मेमध्ये वर येतो, मिरगानंतर परत जातो.
गाडी जाईल?
तर! तुमच्या आधी एसटी जायची.

आम्ही पाण्याच्या रिकाम्या घरात उतरलो.
चाकाखाली शिंपले कुरकुरले.
कडेला वठलेल्या झाडांची रांग,
गुडघाभर भिंती,
गाळानं तोंडापर्यंत भरलेलं उखळ.
एका घराचा नुसता उंबरा उरला होता.
लच्चूनं त्यावर पाय दिला नाही,
ओलांडून आत गेली
आणि तिथं, जिथं काहीच नव्हतं,
हळू आवाजात बोलू लागली.

लांब पाण्यात रोहित उभे होते.
पहिल्या धुण्यात रंग सोडलेल्या चादरीसारखे गुलाबी.
असा माल आम्ही परत घेतो, अंबादास म्हणाला,
आणि बराच वेळ बघत राहिला.

पुढं रस्ता पाण्यात शिरला होता.
सरळ. न थबकता,
जणू पलीकडं बाजार भरलाय आणि उशीर होतोय.
अंबादासनं इंजिन बंद केलं.
तीस वर्षं मागाच्या खडखडीत ऐकू न आलेला माणूस
कान देऊन बसला.
काय ऐकलं, मी विचारलं नाही.
आम्ही तिघांनी भाकरी मोडली.
तिचा आवाज केवढा मोठा झाला.

परतताना लच्चूला मैलाचा दगड सापडला,
अर्धा गाळात. तिनं ओल्या टॉवेलानं पुसला,
बोट फिरवत अक्षरं लावली:
सो. ला. पू. र.
खालचा आकडा पाण्यानं खाल्लेला.

माघारी येताना ऊन समोरून नव्हतं तरी
स्टेअरिंग हाताला चटके देत होतं.
टेंभुर्णीला तिनं विचारलं, किती राहिलं?
दगडाला विचार, अंबादास म्हणाला.
मोहोळला पुन्हा विचारलं.
दगडाला विचार.
मग ती झोपली, डोक्याखाली तोच टॉवेल,
गाळाचा डाग पडलेला.

तो धुतलेला नाही अजून.
काल माग सुरू झाले.
कटकच्या गठ्ठ्यावर पत्ता लिहिताना
मी मध्येच थांबले,
आणि शेठनं विचारलं, शाई संपली काय?