मीटर खोलीवर नेला ती रात्र

कंपनीचा मीटर साइटबाहेर न्यायचा नसतो.
त्या दिवशी खिशात राहून गेला, असं मी म्हणेन
कोणी विचारलं तर.

दिवसभर सत्ताविसाव्या मजल्यावर होतो.
छताची फळी सरकवून डक्टमध्ये कोपरापर्यंत हात घातला
की बोटांना लागते ती वाळू नव्हे,
वाळूचं पीठ, वस्त्रगाळ.
एकदा कबुतराचं पीस निघालं. एकदा फुग्याची दोरी.
एकदा खजुराची बी. ती तिथवर पोचली कशी
यावर आम्ही दोन दिवस जेवताना भांडलो.
फिल्टर बदलला, ओलावा मोजला,
बुरशीचा डाग पुसला, पुसल्याचा फोटो काढला.
तिथल्या बाईंचं दुपारी डोकं दुखायचं,
म्हणून एवढं सगळं.
मीटर म्हणाला: सहाशे चाळीस.
मी लिहिलं: समाधानकारक.
“आता बरं वाटेल ना?” बाईंनी विचारलं.
मी डॉक्टरसारखी मान हलवली.

आमच्या वस्तीला सोनापूर म्हणतात.
मुंबईत सोनापुरात माणसाला कशासाठी नेतात
ते मी तिलबहादुरला अजून सांगितलेलं नाही.
तो म्हणतो, नाव छान आहे.

खोलीत आठ जण, एकावर एक.
खिडकीला चांदीचा कागद, कडेने चिकटपट्टी,
आमच्या आधीच्या कोणी लावलेली,
बहुधा त्याच्याही आधीच्या.
एसी खोलीतलीच हवा घेतो, गार करतो, परत देतो.
आहेराची साडी फिरते ना घराघरांतून,
घडी न मोडता, तशी.
त्या हवेत फोडणीचा कांदा आहे, ओले टॉवेल आहेत,
शाजीचं खोबरेल, कोणाचा तरी बाम,
आणि बशीर हमदुलेचा खोकला,
मार्चपासून जो ‘धुळीचा आहे, जाईल’.

सगळे निजल्यावर
मी पडदा ओढून मीटर पोटावर ठेवला.
साडेदहाला चौदाशे.
बाराला दोन हजार शंभर.
तीनच्या सुमाराला तीन हजार चारशे,
तेव्हा तो लाल झाला आणि वाजायला लागला.
उशीखाली दाबला.

मला वाटायचं, सकाळी डोकं जड होतं ते घरच्या फोनमुळे.
अकरा वर्षं मी या डोकेदुखीचं खापर
बायकोच्या बोलण्यावर फोडत आलो.

उठलो. चिकटपट्टी नखाने सोडवली.
फट, दोन बोटं.
ऑगस्टची रात्र बाहेर उभीच होती,
मोदकपात्राचं झाकण काढावं तशी तोंडावर आली.
चष्मा पांढरा.
पुसून पाहिलं तर आकडा उतरत होता,
शंभर, मग दीडशे,
जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, कठड्याला धरून.

वरून शाजी: “कोण आहे? गारवा जातोय!”
खरं होतं. जात होता.
पाचला बस होती, मग दिवसभर ऊन,
आणि झोप गारव्यातच लागते.
गारवा हवा की हवा,
हे आम्हाला कधी कोणी विचारलं नव्हतं.
मीही विचारलं नाही. आठ जणांच्या वतीने
नुसता फटीला धरून उभा राहिलो.

बशीर कुशीवर वळला.
पाच मिनिटं खोकला नाही. सात.
हे मी मनातच मोजत होतो.
मग खिडकी लावली.
चिकटपट्टी पुन्हा बसेना, एका टोकाने लोंबत राहिली.

बसमध्ये अहवालाचा कोरा फॉर्म काढला.
इमारत. मजला. खोली.
तक्रार करणाऱ्याचं नाव.
तिथे पेन टेकलं ते टेकलंच.
“तुझं नाव लिहू?” बशीरला विचारलं.
“कशात?”

बसच्या काचा बंद होत्या, पन्नास माणसं.
माझ्या खिशात मीटर पुन्हा वाजला.
सगळ्यांनी आपापले मोबाईल तपासले.