टक टक टक

टक टक टक टक.
ठिणगी पडते, ज्योत धरत नाही.
सेल नवे घातले, जाळी झटकली,
नळीतला क्षार लिंबाने सोडवला,
एक स्क्रू मोरीत गेला तो गेलाच.
सोलापुरात थंडी ती महिनाभर,
तेवढीही या गिझरला झेपेना.

तीस वर्षं साखर पेठेत जॉबर होतो,
खटक्यावरून सांगायचो
कुठल्या मागाचा धोटा अडलाय.
हा डबा मात्र

राजम्मा दारात, खांद्यावर टॉवेल.
"बोलवा की त्या इरण्णाला."
"दोनशे घेतो तो, नुसती फुंकर मारायचे."

दुपारी गच्चीवर गेलो, सहज.
टाकीत वीतभर पाणी.
दाबच नाही, पेटेल कशाला?
नळ परवा येणार, रात्री दोनला.

खाली येऊन काही बोललो नाही.
पान्हा तेवढा जोरात ठेवला.