नोंदणी क्रमांक

त्याच्या कार्डावर नाव छोटं होतं.
आशुतोष लांजेवार, आणि पुढे स्वल्पविराम,
स्वल्पविरामामागे जोडलेले डबे, मालगाडीसारखे:
कन्सल्टंट, व्हॅल्युअर, लीगल ॲडव्हायझर,
आणि सोनेरी शाईत 'शासनमान्य'.
कोणत्या शासनानं, कधी, कशासाठी मानलं
ते लिहायला जागा उरली नव्हती.

मी चष्मा पुसला.
चौतीस वर्षं नर्स होते मी, समुद्रपूरकडच्या उपकेंद्रांत.
कुपीवरची तारीख वाचल्याबिगर
सुई भरली नाही कधी.
आमच्याच रस्त्यावर एक डॉक्टर बसायचा,
पाटीवर नावामागे पाच अक्षरं,
तापाला सलाईन, खाजेला सलाईन.
एका रात्रीत डॉक्टर गेला.
पाटी अजून आहे, कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेली.

तर विकायचा आहे प्लॉट.
नहराच्या अंगाला तीन हजार फूट,
एक कडुनिंब,
शेजारच्या विहिरीत चौथा हिस्सा.

"बाबू, तुहा नंबर सांग."
त्यानं मोबाईलचा सांगितला.
"तो नाई. नोंदणीचा."
"काकू, सारा तालुका ओळखते मले."
"मलेबी ओळखते. तरी दर पाच वर्षांनी
कौन्सिलचा कागद नवा करत होती मी."
"एका प्लॉटसाठी ते लागतच नाई, काकू."
"नसन लागत. मग शासनमान्य काऊन छापलं?"

मोबाईलवर बोट सरकत राहिलं.
लग्नाचे फोटो, बैलजोडी, कुणाचा तरी ट्रॅक्टर,
मग एक सर्टिफिकेट. तिरपं.
नाव मामाचं. मुदत गेल्या पोळ्यापर्यंतची.
"मामा कुठं रायते?"
"नागपूरले."
"अन् गिऱ्हाईक कोन आनन?"
"मीच."
म्हणजे शिशी मामाच्या नावाची
आणि सुई ह्याच्या हातात.

"व्हॅल्युअर म्हंजे?" "भाव सांगतो."
भाव तर टपरीवालाही सांगतो, चहासोबत, फुकट.
"अन् हे लीगल?"
तो चहाच्या कपाकडे पाहत राहिला.
"वकिलाजवळ बसतो, काकू. संध्याकाळी."

सव्वीसचा असेल. शर्टाला कडक इस्त्री,
कॉलरमागे लेबल बाहेर आलेलं.
मला भागीरथी दाई आठवली.
माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या केसला
सर्टिफिकेट माझ्या पिशवीत होतं
आणि हात थरथरत होते.
नाळ कुठं धरायची ते तिनं दाखवलं, अंगठाबहाद्दर बाईनं.
पण ती स्वतःला नर्स म्हणाली नाही. कधीच.
दाईच म्हणाली, दारात चपला काढून.

हे त्याला कसं सांगायचं?
मी एवढंच म्हटलं:
"परीक्षा असते म्हंते त्याची. दे. तुह्या नावाचा नंबर आन.
तवर कडुनिंब काही पळत नाई."
राग आला त्याला. कार्ड मात्र ठेवून गेला.

दीड महिन्यानं फोन.
परीक्षेचं बोलला नाही, मीही विचारलं नाही.
"काकू, विहिरीचा चौथा हिस्सा
खरेदीखतात लिहेल हाय, का तोंडी?"

ट्रंक उघडली.
वरच माझं कौन्सिलचं कार्ड,
रिटायर झाले त्याच साली मुदत संपलेलं.
खाली खरेदीखत.
चारही पानं वाचली, शिक्क्यासकट,
आयुष्यात पहिल्यांदा.

फोन चालूच होता.
"काकू?"
विहीर कुठंच नव्हती.