वहीत चारशे बारा

मुबीनचं मशीन साडेसातला आलं, अंबडहून.
चपला त्यानं बांधावर काढून ठेवल्या,
अनवाणीच चढला वर.
म्हणाला, झाडं किती?
मी म्हणाले, वहीत चारशे बारा.
आणि रानात?
रानात कुणी मोजली नाहीत, भाऊ.

पहिलं झाड पडायला पंचवीस अंक लागले,
मोजत बसले, हाताला दुसरं काम नव्हतं.
मोसंबीचं मूळ इतकं वरवर असतं
हे अठ्ठावीस वर्षं पाणी देऊन कळलं नव्हतं.
हात-दीड हात खाली, बस्स.
साल सोलली तर आत तपकिरी,
आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा.

बुंध्यांना डिंक आला तेव्हा
अख्खं गाव म्हणायचं, झाडं रडायलीत.
बदनापूरहून माती न्यायला आलेली पोरगी म्हणाली,
बुरशी आहे, मावशी.
मला तिचं बोलणं बरं वाटलं.

ह्या सगळ्यांचे डोळे सांडूमामानं बांधलेले,
शहागडच्या. कानावर विडी,
जंबेरीच्या कोवळ्या खोडाला उभी-आडवी चीर,
तीत मोसंबीचा डोळा, वरून पट्टी.
"आता त्याला पाहू द्या," म्हणायचा,
"तुमी पाहू नका."
एकवीस दिवस आम्ही त्या वाफ्याकडे फिरकलो नव्हतो, खरंच.

आता वरची मोसंबी वाळून कोळ
आणि डोळ्याखालून जंबेरी फुटलेली,
काटेरी, हिरवीगार.
इतकी वर्षं तिच्या पायांवर उभं राहून
दुसरीच्या नावानं माल विकला आम्ही जालन्यात.
परवा तिची दोन फळं वरणात पिळली.
काही वाईट नव्हती.

आसराबाई आणि तिच्या दोघी जावा
मशीनमागं मुळ्या वेचतात.
करंगळीएवढी मुळी राहिली तरी जुना रोग नव्या रोपाला.
मुळ्यांत निघालं: ठिबकची नळी, बैलाचं एक घुंगरू,
आमच्या उद्धवचा लहानपणीचा चमचा, वाकलेला.
"हा जाळायच्यात टाकू का ठिवू?" आसराबाई विचारते,
आणि स्वतःच कमरेला खोचते.

उद्धवला आजच खड्ड्यांची फक्की मारायची घाई.
पोरगी म्हणालीय, वर्षभर थांबा,
नांगरून उन्हात तापू द्या, मग ताग पेरा,
फुलावर आला की गाडा.
"फुलावर आल्यावर गाडायचा?
मग पेरायचा काहून?"
मी काही बोलले नाही.
विहिरीवरून आता थेट डांबरी दिसत होती,
घनसावंगीची बस, तिच्या टपावर कुणाची तरी सायकल.
एवढा जवळ होता रस्ता?

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मुबीननं मशीन बंद केलं.
कान एकदम रिकामे झाले.
चपला झटकत म्हणाला,
तीनशे सत्त्याण्णव. तुमची वही चुकली.

पंधरा कुठं गेली?
कोणत्या उन्हाळ्यात, कोणत्या ओळीतली,
खत त्यांच्याही नावानं आणत होतो आम्ही.

वही काढली. पेन चालेना,
दोनदा फुंकर मारली.
तारीख लिहिली, मशीनचे तास लिहिले,
ताग: दीड मण.
वरचा आकडा
तसाच राहू दिला.