माणशी एकशे ऐंशी

किट समितीत माझं नाव मला न विचारता आलं.
तीनशे चाळीस जनावरांचे डॉक्टर, दोन दिवस, मार्चअखेर,
होटगी रोडचं मंगल कार्यालय,
आणि माणशी एकशे ऐंशी रुपये,
जीएसटीसकट.

होनराव सर म्हणाले, फोटोफ्रेम देऊ,
गाय-वासरू, खाली संघटनेचं नाव, सोनेरी.
मोहोळकर मॅडम म्हणाल्या, पेन ड्राइव्ह.
बिराजदार खजिनदार. ते म्हणाले, बॅग द्या की वो,
बॅगेत काय घालायचं ते नंतर बघू.

घरी येऊन कपाटाचा वरचा कप्पा उघडला.
अकरा वर्षांची अधिवेशनं अंगावर आली.
लातूरची फाइल, चेन तुटलेली.
अकोल्याचं घड्याळ, दहा वाजून दहा मिनिटांवर ठाम.
कुठल्याशा लस कंपनीचा पेन,
जो उद्घाटनाच्या भाषणातच वारला.
आणि एक मोमेंटो कपाटात नव्हताच.
त्यावर सुरवसेचं सुर्वे झालंय.
बायकोनं तो मागच्या दाराला लावलाय,
वाऱ्यानं आपटू नये म्हणून.
तेवढाच एक कामाला आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन टाळूत शिरलेलं,
अशोक चौकामागं येमूलांच्या कारखान्यात गेलो.
मागांचा आवाज एवढा
की दर ओरडून विचारायचा
आणि उत्तर बोटांवर घ्यायचं.
नरहरी येमूल. भुवयांवर कापूस, कानांत कापूस.
मुलाशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत,
फोनवरच्या व्यापाऱ्याशी हिंदीत
आणि मागाशी नुसत्या तळहातानं बोलणारा माणूस.

मी लोगो दाखवला. म्हटलं, मधोमध, मोठा.
त्यांनी माग थांबवला नाही, मला थांबवलं.
डॉक्टर, मग तोंड कुठं पुसणार?
मधे नाव शिवलं की तिथं पाणी ओढत नाही,
गालाला दोरा टोचतो.
नाव काठाला घ्या. एवढं.
करंगळीचं पेर दाखवलं.
ज्याला वाचायचंय तो वाचेल,
ज्याला पुसायचंय त्याला पुसू द्या.

बैठकीत हेच सांगितलं तर
होनराव सर म्हणाले, मग आपलं दिसणार काय?
कुणालाच उत्तर येईना.
बिराजदारांनी नमुन्याचा टॉवेल ओढला,
चष्मा काढला, पुसला, उजेडात धरून बघितला,
पुन्हा पुसला,
आणि दर विचारला.
एकशे अडुसष्ट.
उरलेल्या बारा रुपयांत शेंगाचटणीची पुडी,
जिच्यावर कुणाचंच नाव नको
यावर मात्र एकमत झालं.

अधिवेशनात कौतुक वगैरे काही झालं नाही.
दोघांनी विचारलं, बॅग नाही का?
एका साहेबांचा टॉवेल खुर्चीवरच राहिला,
तो वाढप्यानं नेला. बरं झालं.
चटणी पहिल्याच दिवशी जेवणात संपली.

दिवाळीनंतर रिसोडकडून फोन.
डॉक्टर शैलजा इंगोले. मला चेहरा आठवेना.
म्हणाल्या, रात्रीचे दोन, गोठ्यात एक बल्ब,
वासरू उलटं आलेलं, पाय धरावेत तर निसटतायत.
गाडीत तुमचा टॉवेल होता.
पायांना गुंडाळला तेव्हा कुठं पकड आली.
मग त्यानंच नाकातला चिकटा काढला,
अंग चोळलं, चोळतच राहिले.

मी विचारलं, जगलं का?
जगलं ना. गोऱ्हा आहे. शिंगाआधीच ढुशा देतोय.
टॉवेल दोनदा उकळला,
तुमच्या काठाचं नाव तेवढं गेलं, सॉरी.
अजून मिळतील का हो, चार-पाच?
विकत देते.

मी तसाच येमूलांना फोन लावला.
सांगायचं तर बरंच होतं, गोऱ्ह्यापासून,
पण पलीकडं पाळी चालू होती, चोवीसच्या चोवीस माग,
आणि त्यांना माझं अक्षरही ऐकू जाईना.
ते आपले ओरडत राहिले,
किती नग?
डॉक्टर, किती नग?